इथाकाहून संजूला

इथाका, न्यूयॉर्क
२१ मार्च २०२०

प्रिय संजू,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. उद्या जनता कर्फ्यू आहे आणि तू, वहिनी, काकू सगळे घरातच आहात हे वाचून जीव भांड्यात पडला. इथेही विद्यापीठाने गेल्या आठवड्यात वर्ग बंद करून मुलांना घरी पाठवलं. रोपांना पाणी घालायला प्रयोगशाळेत जाऊन येतो, तेवढंच बाहेर पडणं. तेव्हा आज सावकाश लिहितो. आणि लिहायला मला आजचाच दिवस हवा होता. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, २१ मार्च १९७० ला, आमच्या कॉर्नेल विद्यापीठाच्या हॉकी संघाने लेक प्लॅसिडला राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. त्या हंगामात ते २९ सामने खेळले आणि २९ जिंकले. हार नाही, बरोबरीसुद्धा नाही. अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीच्या वरच्या गटात पुरुषांच्या दुसऱ्या कुठल्याही विजेत्या संघाला अजून असा हंगाम जमलेला नाही.

हॉकी म्हणजे बर्फावरची, हे तुला ठाऊक आहे. गोलकीपर धरून सहा जण, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, आणि चेंडूऐवजी कडक रबराची चकती. खेळ इतका वेगात चालतो की जेमतेम मिनिटभरात गडी दमतो आणि चालू खेळातच कठड्यावरून उडी मारून त्याच्या जागी दुसरा उतरतो. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला त्यात आपली हॉकी कुठेच दिसेना. मग हळूहळू ओळखीचं सापडत गेलं. रिकाम्या जागेत आधीच पोचणं तेच, पास द्यायच्या क्षणी मान वर असणं तेच, आणि सर ओरडायचे ना, ‘स्टिक खाली!’, तेही तेच.

या हिवाळ्यात त्या जुन्या संघाचा पन्नाशीचा सोहळा झाला, आणि तो मी लायना रिंकच्या, म्हणजे इथल्या बर्फाच्या मैदानाच्या, बाकावरून पाहिला. लायना १९५७ सालचं. मोठं नाही, चारेक हजार माणसं मावतात. विद्यार्थी पूर्ण सामनाभर उभे असतात. पाहुण्या संघाची ओळख करून देताना ही मुलं तोंडासमोर वर्तमानपत्र धरून ‘आम्हाला यात रस नाही’ असं दाखवतात आणि समोरच्या गोलकीपरला नावाने हाका मारून हैराण करतात. त्या दिवशी बर्फावर गालिचा अंथरला आणि सत्तरी ओलांडलेली माणसं एकेक करून त्यावर आली. कुणाचे गुडघे गेलेले, कुणी शेजाऱ्याच्या दंडाला धरून. एकोणीस-वीस वर्षांची ती पोरं, ज्यांचे आईबापही १९७० मध्ये जेमतेम रांगत असतील, त्यांनी जी आरोळी दिली ती शेवटचा माणूस गालिच्यावर येईपर्यंत खाली आली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि संजू, प्रत्येकाचं नाव पुकारलं गेलं. ज्याने गोल केले त्याचं, आणि जो बहुतेक वेळ बाकावर बसला त्याचंही.

हे मला इतकं का लागलं, ते सांगतो. त्या संघाची खरी गोष्ट आदल्या वर्षी सुरू होते. केन ड्रायडन हे नाव तू ऐकलं असशील. सहा फूट चार इंचांचा गोलकीपर. कॉर्नेलच्या तीन हंगामांत त्याच्या नावावर ७६ विजय, ४ पराभव आणि १ बरोबरी. पुढे माँट्रिऑल कॅनेडियन्स या व्यावसायिक संघाकडून त्याने सहा वेळा स्टॅन्ली कप, म्हणजे व्यावसायिक हॉकीतला सर्वोच्च चषक, जिंकला आणि मग कॅनडाचा खासदार आणि मंत्रीही झाला. १९६७ च्या कॉर्नेलच्या पहिल्या अजिंक्यपदात तो होता. १९६९ ची अंतिम लढत मात्र डेन्व्हरने ४-३ अशी जिंकली, आणि ड्रायडन पदवी घेऊन निघून गेला. त्याच्या जागी उभा राहिला ब्रायन क्रॉपर, अंगाने अगदी लहानखुरा. एवढ्या मोठ्या माणसानंतर त्या जाळ्यासमोर उभं राहायचं आणि मागे वळून पाहायचं नाही, याला काय छाती लागत असेल! एकही सामना न गमावता हंगाम पार पाडणं ड्रायडन असताना झालं नाही ते तो गेल्यावर झालं, आणि ते झालं कारण उरलेल्या प्रत्येकाने आपल्या वाट्याचं थोडं जास्त केलं. माझं तरी असंच मत आहे.

प्रशिक्षक होते नेड हार्कनेस. कॉर्नेलला यायच्या आधी त्यांनी आरपीआय या दुसऱ्या कॉलेजला १९५४ मध्ये अजिंक्यपद मिळवून दिलं होतं. कॅनडातून, मुख्यतः ऑन्टारिओतून, मुलं शोधून आणायची आणि त्यांच्याकडून अभ्यासही करून घ्यायचा ही त्यांची पद्धत. त्या संघात डिक बर्ट्रंड म्हणून एक होता, टोरांटोला पोलिसात नोकरी करून मग शिकायला आलेला, बाकीच्यांपेक्षा वयाने मोठा. तो कर्णधारांपैकी एक होता, आणि हार्कनेस त्याच वर्षी डेट्रॉइट रेड विंग्ज या व्यावसायिक संघाकडे गेल्यावर त्यांच्या जागी प्रशिक्षकही तोच झाला.

पण तुझ्यासाठी खास गोष्ट डॅन लोडबोआची. तो मूळचा फॉरवर्ड. हार्कनेसनी त्याला बचावात आणलं, म्हणजे आपल्या भाषेत फुलबॅक केलं. फुलबॅकला कोण विचारतं, असं तू म्हणायचास ना? आता ऐक. उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनला २-१ असं निसटतं हरवून कॉर्नेल अंतिम सामन्यात आलं. समोर क्लार्कसन, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातलेच शेजारी. थोड्याच दिवसांपूर्वी बॉस्टनला पूर्व विभागाच्या अंतिम सामन्यात याच क्लार्कसनने कॉर्नेलला घाम फोडला होता. तो सामना शेवटच्या काही सेकंदांत जॉन ह्यूजच्या गोलने ३-२ असा सुटला. म्हणजे २९-० हा आकडा कागदावर गुळगुळीत दिसतो, पण त्यातले शेवटचे सामने हातातून जाता जाता राहिलेले आहेत. लेक प्लॅसिडला दोन भाग संपले तेव्हा ३-३. आणि तिसऱ्या भागात लोडबोआने तीन गोल केले, ओळीने, मध्ये दुसऱ्या कुणाचाच गोल नाही. फुलबॅकने! सामना ६-४. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

सोहळ्याच्या दिवशी माझ्या शेजारी एक निवृत्त प्राध्यापक बसले होते. १९७० मध्ये ते इथेच विद्यार्थी होते आणि तो अंतिम सामना त्यांनी खोलीतल्या रेडिओवर ऐकला होता. ते वर्ष फार तापलेलं होतं म्हणाले. १९६९ च्या एप्रिलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी विलार्ड स्ट्रेट हॉल ही इथली विद्यार्थी-केंद्राची इमारत ताब्यात घेतली होती, व्हिएतनामवरून एका खोलीतली मुलं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. तरी लायनाच्या तिकिटांसाठी तीच मुलं रात्रभर शेजारी शेजारी पथाऱ्या टाकून रांगेत पडायची. हॉकीने भांडणं मिटली असं ते म्हणाले नाहीत, आणि म्हणूनच त्यांचं बोलणं मला खरं वाटलं. शेवटी ते गालिच्याकडे हात करून एकेकाचं नाव सांगत गेले, कुणाचं कोपर कसं लागायचं, कोण डावखुरा, सगळं.

मला तेव्हा आपले पैलवान खाशाबा जाधव आठवले. १९५२ ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कांस्यपदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गावाने आणि कॉलेजने जे करायचं ते भरभरून केलं. पण अर्जुन पुरस्कार यायला ते जाऊन वर्षं लोटावी लागली. १९८४ ला अपघातात गेलेल्या माणसाच्या गळ्यात हार कुणी घालायचा? माणूस स्वतःच्या पायांनी चालत येऊ शकतो, टाळ्या त्याच्या कानांवर पडू शकतात, तेव्हाच त्याला बोलवावं. मी इतका हळवा झालो तो यासाठी.

आणखी एक गोष्ट तुला आवडेल. कॉर्नेलमध्ये शेतकी कॉलेज असल्यामुळे हार्वर्डवाले यांना गावंढळ म्हणून चिडवायचे. सत्तरच्या दशकात एका सामन्यात त्यांनी कॉर्नेलच्या गोलकीपरकडे चक्क कोंबडी फेकली. पुढच्या वेळी हार्वर्डचा संघ लायनाला आला तेव्हा त्यांच्यावर मासे पडले, कारण हार्वर्ड बॉस्टनजवळ आणि बॉस्टन समुद्राकाठचं. ते मासे अजून पडतात! ‘शेतकीवाले आले’ म्हणून आपल्याला मैदानावर जे ऐकावं लागायचं ते आठवून मी इथल्यांच्या बाजूने जरा जास्तच जोरात ओरडतो.

यंदाच्या पोरांबद्दल लिहायला मन धजत नाही, पण लिहितो. जुन्या संघाची पन्नाशी आणि नव्या संघाचा इतका सुंदर हंगाम एकाच वर्षी आला होता. २३ विजय, २ पराभव, ४ बरोबरी. देशाच्या क्रमवारीत अगदी वरच्या टोकाला. महिलांचा संघ तर पहिल्या क्रमांकावर. पन्नास वर्षांनी पुन्हा अजिंक्यपद येणार अशी गावात चर्चा होती, किराणा दुकानात, न्हाव्याकडे, सगळीकडे. आणि १२ मार्चला स्पर्धाच रद्द झाल्या. निर्णय योग्य होता, आजाराचे आकडे पाहिले की त्यावर शंका येत नाही. पण शेवटच्या वर्षातली मुलं पुन्हा त्या बर्फावर उतरणार नाहीत. सामानाच्या पेट्या गाडीत टाकून ती निघून गेली, निरोपसमारंभही झाला नाही. मला वाटतं, २०७० मध्ये यांनाही कुणीतरी बोलवावं, गालिचा अंथरून. चषक नसला तरी. मी नसेन, पण हे मी इथल्या क्रीडा विभागाला पत्राने कळवणार आहे, उगाच नाही, मनापासून.

आता आपलं. तू म्हणशील, आपण काय जिंकलं होतं? विद्यापीठाच्या स्पर्धेत आपण चांगले खेळलो, एवढंच. पण खडकीच्या त्या खडीच्या मैदानावर, जिथून पुढे धनराज पिल्ले घडला, तिथे पहाटे सायकलने जाऊन आपण जे खेळलो ते तुझ्या-माझ्याशिवाय आता कोण सांगणार? सर ऐंशीच्या पुढे गेले. आपला सेंटर हाफ गेल्याचं तूच कळवलंस, आणि मला त्याच्या मुलाचा पत्ताही माहीत नाही. तेव्हा आपण बोलवू या सगळ्यांना. कॉलेजच्या जिमखान्यात जुन्या नोंदवह्या असतील, त्यात पूर्ण संघाची नावं मिळतील, राखीव खेळाडूंची सुद्धा. ती आधी काढ. सांगलीचा आपला राइट आउट कुठे असतो ते वहिनींच्या भावाला विचार, त्याचा तिकडे संपर्क आहे. सेंटर हाफच्या घरच्यांना आपण दोघं मिळून फोन करू. आणि सरांना आत्ताच सांगून ठेव, म्हणजे ते तब्येत जपतील. हे सगळं निवळलं की मी तिकीट काढतो. पावसाळ्यानंतर जमेल असं धरून चालू या. मैदान मिळालं तर पाच-पाच मिनिटं खेळूही, आणि फुलबॅकला तूच.

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग. उत्तर लगेच लिही.

तुझा,
विनू

ता. क. काकूंची रक्तदाबाची औषधं महिनाभराची आणून ठेव. इथे चार दिवसांत दुकानांत खडखडाट झाला होता.