तुम्ही यजमानांना बाहेर बसवलंत त्याबद्दल

प्रिय डॉक्टर मॅडम,

मागच्या महिन्यात मी तुमच्याकडे कंदी पेढे घेऊन आले होते. तुम्ही पुडा कंपाउंडरकडे सरकवलात आणि म्हणालात, "काकू, आभार मानायचेच असतील तर काय काय झालं ते लिहून काढा. चार बायका वाचतील." वाचनालयात तीस वर्षं काढलेल्या बाईला लिहायला सांगणं म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नसावं. आता वाचा.

दिवसाला ऐंशी पेशंट बघता तुम्ही, त्यामुळे ओळख सांगते. साताऱ्यातल्या एका वाचनालयाची ग्रंथपाल, वय 56. "दुखत नाही हो, भरून येतं" हे एकच वाक्य चार वेळा म्हणणारी ती बाई.

सहा-सात महिने माझं हे चाललं होतं. याला अँजायना म्हणतात, हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडल्याची तक्रार, हे नंतर तुमच्याकडून कळलं. रोज सकाळी मी टेकडीवरच्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत चालत जाते. चढाच्या एका ठरावीक वळणावर आलं की छातीत भरून यायचं आणि खालचा जबडा जड व्हायचा, दाढ काढल्यावर होतो तसा. थांबलं की तीन-चार मिनिटांत सगळं जागच्या जागी. थंडीत लवकर यायचं. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी भरपेट जेवून वाचनालयाचा जिना चढले तेव्हाही आलं. जबड्यासाठी मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. छातीसाठी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेले, त्यांचं नाव इथे नको. त्यांनी विचारलं, "छातीत दुखतं का?" मी म्हणाले, "नाही." खोटं नव्हतं ते. दुखत नव्हतंच. त्यांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. "या वयात बायकांना असं होतं, ताण घेऊ नका," असं म्हणून त्यांनी निरोप दिला. मी ताण न घेण्याचा प्रयत्न केला. वळणावर भरून यायचं ते येतच राहिलं.

तुम्ही "दुखतं का" विचारलंच नाहीत. म्हणालात, "काय होतं ते बोलू नका, हाताने दाखवा." मी नकळत मूठ वळली आणि छातीच्या मधोमध दाबून धरली. तुमचा चेहरा बदललेला मला दिसला. नंतर तुम्ही समजावलंत की एका बोटाने नेमकी जागा दाखवणारा माणूस बहुतेक वेळा स्नायूचं, बरगडीचं नाहीतर गॅसचं दुखणं दाखवत असतो. मूठ दाबणारा माणूस वेगळं काही सांगत असतो. मग तुमचे प्रश्न एकापाठोपाठ एक आले. चढताना होतं की बसल्यावरही? थांबल्यावर किती मिनिटांत जातं? रात्री झोपेतून जाग येते का त्याने? पूर्वीपेक्षा कमी चालूनही व्हायला लागलंय का? वडील कशाने गेले? (हार्ट अटॅकने, 58व्या वर्षी. हे त्याआधी मला कोणी विचारलंच नव्हतं.)

आणि मग तुम्ही आमच्या ह्यांच्याकडे वळून म्हणालात, "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

दार बंद झाल्यावर तुम्ही विचारलंत, "तंबाखू?"

डॉक्टर, मी माणदेशातल्या गावात वाढलेली. आमच्या घरी आई तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची, सगळी आळी शिंकायची आणि मग ती पूड डबीत भरली जायची. मिश्री. आजी लावायची, आई लावायची, आठवीत माझी दाढ दुखली तेव्हा आईनेच बोटावर घेऊन मला लावली. लग्नानंतर शहरात आले, नोकरी लागली, पुस्तकांत रमले, पण डबी सुटली नाही. पहाटे सगळे उठायच्या आत मोरीत उभं राहून लावायची, चूळ भरायची आणि चालायला निघायचं. तीस वर्षं ह्यांना कळलं नाही, किंवा कळून त्यांनी कळलं नाही असं दाखवलं. आणि इतक्यात जबडा जड व्हायला लागल्यावर मी काय केलं असेल? हिरडीला आणखी थोडी चोळली.

तुम्ही हसला नाहीत, ओरडलाही नाहीत. इतकंच सांगितलंत, की तंबाखू ओढा, चघळा नाहीतर दातांना चोळा, निकोटीन रक्तात जातंच. नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या आखडतात. "म्हणजे तुम्ही रोज पहाटे हृदयाचं काम वाढवता, त्याचं पाणी तोडता आणि मग त्याला चढावर घेऊन जाता." ते वाक्य मी कॅटलॉगच्या कार्डावर लिहून ठेवलंय. मोरीतल्या आरशाला चिकटवलंय.

त्याच दिवशी पुन्हा ईसीजी काढलात. छातीवर सहा वायरी, हातापायांना चार, थंडगार जेल. पट्टी बाहेर आली, नॉर्मल. मी ओशाळले. उगाच तुमचा वेळ घेतला असं वाटलं. तुम्ही पट्टी माझ्यासमोर धरून म्हणालात, "काकू, हा कागद नॉर्मल आहे. तुम्ही आत्ता पलंगावर पडलाय, चढावर नाही." मग खंबाटकी घाटाचं उदाहरण दिलंत. दरड पडून घाटात एक पट्टा बंद झाला तरी रात्री दोन वाजता कुणाला पत्ता लागत नाही. शनिवारी सकाळी पुण्याची गर्दी सुटली की लांबच लांब रांग लागते. रस्ता दोन्ही वेळी तेवढाच अरुंद असतो, मागणी वाढल्यावर तो कळतो. आराम करताना काढलेला ईसीजी अँजायनाच्या पुष्कळ पेशंटांत साफ असतो, हे सहा महिन्यांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर माझे पित्ताच्या गोळ्यांचे पैसे वाचले असते.

रक्तात ट्रोपोनिन बघितलंत, तेही नॉर्मल. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते वाढतं. अँजायनात स्नायू तेवढ्यापुरता उपाशी राहतो, मरत नाही, म्हणून ते वाढत नाही. आणि म्हणूनच ते वाढण्याची वाट बघत बसायची नसते. अँजायना हा आजार नव्हे, तक्रार आहे, कारण शोधायला हवं, असंही तुम्ही म्हणालात. बहुतेकांत ते हृदयाच्या धमन्यांत साठलेल्या चरबीच्या थरात सापडतं, पण तिथेच सापडेल असं नाही. म्हणून तुम्ही स्टेथोस्कोपने बराच वेळ ऐकलंत, महाधमनीची झडप अरुंद झाली असली तरी चढावर असंच होतं म्हणून. थायरॉइड बघितलं. साखर बघितली, ती काठावर. हिमोग्लोबिन निघालं 9.2. रक्तच पातळ असेल तर धमनी मोकळी असूनही स्नायूला प्राणवायू कमी पडतो, ही गोष्ट इतकी साधी आहे की ती आधी कोणालाच कशी सुचली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. आमच्याकडच्या निम्म्या बायका अशा पांढऱ्याफटक फिरत असतात आणि दम लागला की "वय झालं" म्हणतात.

टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला आला. पण ट्रेडमिलचा दिवस मी विसरणार नाही. मी साडी नेसून गेले होते. तिथल्या मुलीने सुनेचा पंजाबी ड्रेस आणून घाला म्हणून परत पाठवलं. छातीला वायरी, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, पायात मुलाचे बूट. पहिली तीन मिनिटं पट्टा ताशी 2.7 किलोमीटरने चालतो, चढ दहा टक्के. मला वाटलं, हे तर आपलं रोजचंच. पुढच्या तीन मिनिटांसाठी वेग चार किलोमीटर झाला, चढ बारा टक्के, आणि पाचव्या मिनिटाला माझं ते वळण आलं. बंद खोलीत, एसीत, तीच मूठ. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता, पडद्याकडे बघत होता. रेघेचा एक भाग सपाट होऊन खाली बसला होता. "थांबवा," म्हणालात. मला लगेच झोपवलंत, पुन्हा पट्टी, पुन्हा रक्तदाब. भीती वाटण्याऐवजी मला रडू आलं, कारण माझं वळण पहिल्यांदाच कागदावर उमटलं होतं.

त्याच दिवशी जिभेखाली ठेवायच्या गोळीची पट्टी हातात दिलीत आणि कशी घ्यायची ते माझ्याकडून पाठ म्हणवून घेतलंत. आधी खाली बसायचं, उभ्याने घ्यायची नाही, रक्तदाब उतरून चक्कर येते. एक गोळी जिभेखाली, गिळायची नाही. डोकं ठणकेल, घाबरायचं नाही. पाच मिनिटांत उतरलं नाही, किंवा बसल्या जागी आलं, किंवा घाम-मळमळ घेऊन आलं, तर कोणाला विचारत बसायचं नाही, 108. गोळी नायट्रेटची, म्हणजे नायट्रोग्लिसरीनच्या जातीची. नायट्रोग्लिसरीनचा डायनामाइट करणाऱ्या आल्फ्रेड नोबेलला शेवटच्या दिवसांत हृदयासाठी डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच लिहून दिलं होतं, हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पट्टी मात्र पर्समध्ये ठेवा, देवघरात नको."

पुण्यात झालेल्या अँजिओग्राफीचं फार सांगण्यासारखं नाही. मनगटातून नळी, अर्धा तास, संध्याकाळी डबा. रिपोर्टात धमनी एके ठिकाणी तीस टक्के अरुंद, बाकी मोकळं. मोठ्या धमनीत साधारण सत्तर टक्क्यांच्या पुढे अरुंद झालं तर स्टेंटचा विचार. आमच्याकडे आनंदीआनंद. दिरांनी फोनवर जाहीर केलं, "काही नाही म्हणे वहिनींना. मनाचे खेळ." आणि मी, खरं सांगते, खट्टू झाले. काही नाही म्हणजे परत पित्त, परत ताण, परत वय.

खरे आभार इथले आहेत. फाइल घेऊन आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "घाटाचं उदाहरण अर्धवट होतं काकू. घाट मोकळा निघाला. पण गावातल्या बोळांचं काय?" अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाहिन्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत. स्नायूला रक्त तर शेवटी त्याच पोचवतात, आणि त्या वेळेवर पसरल्या नाहीत की मोठा रस्ता रिकामा असूनही गाडी अडकते. हे बायकांत जास्त दिसतं, पाळी गेल्यावर विशेष. त्याच्या खास तपासण्या आहेत, सगळीकडे होत नाहीत; पण तक्रार ठरावीक, ट्रेडमिलवर बदल आणि मोठ्या धमन्या मोकळ्या, एवढं जुळल्यावर बहुधा हेच, असं तुम्ही सांगितलंत. "बहुधा" हा शब्द तुम्ही मुद्दाम वापरलात, हे मला आवडलं. ठामपणे चुकीचं ऐकून कंटाळले होते.

घरी येऊन मी आमच्या धंद्याला शोभेल ते केलं, शोधलं. विल्यम हेबर्डन नावाच्या डॉक्टरांनी 1768 साली लंडनमध्ये या दुखण्याचं वर्णन वाचून दाखवलं, 1772 मध्ये ते छापून आलं. चालताना येतं, चढावर आणि जेवणानंतर जास्त, थांबलं की जातं. माझं वळणच. त्या वेळी ना ईसीजी, ना ट्रेडमिल, माणसाला बोलू देण्यावाचून त्यांच्याकडे साधन नव्हतं. पण पुढे त्यांनी हिशोब दिलाय तो असा: पाहिलेले रोगी शंभराच्या आसपास, त्यांत बायका तीन. वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. बाकीच्या बायका चढावर थांबून काय म्हणत असतील, आणि कोणाला?

आता आठ महिने झाले. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन 11.8 वर आलंय, नाडी हळू ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची अशा दोन गोळ्या चालू आहेत, वळण पार करून दोन बाकं पुढे जाते. कधी कधी येतंच, मग बसते. मिश्री सोडून सहा महिने झाले. पहिले दोन तुम्हाला खोटं सांगितलं होतं, तेही इथे लिहून टाकते. डबी ह्यांच्याकडे दिली. त्यांनी ती उघडली, वास घेतला आणि म्हणाले, "हीच ना मोरीतली, विटेमागची?"

एक काम होतं. आमच्या शेजारच्या वहिनी दोन मजले चढल्या की कठड्याला धरून उभ्या राहतात. परवा विचारलं तर म्हणाल्या, "दुखत नाही हो, नुसतं भरून येतं," आणि मूठ छातीवर. बुधवारी सकाळी घेऊन येते. सोबत त्यांचे यजमान असतील. त्यांनाही जरा बाहेर बसवा.

तुमची,
एक ग्रंथपाल, सातारा