कोणाकडे काय मागायचं, हे शिकवलंत म्हणून

आदरणीय भाई,

सादर नमस्कार.

नाव कुठेही लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. पण पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, एवढी परवानगी मात्र मी हट्टाने मिळवली. हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, असलेली मुलं आपल्या गोव्यात पेडण्यातही असतील, सत्तरीतही, काणकोणातही. त्यांच्या आयांना तुमच्यासारखं कोणी भेटलेलं नसेल. निदान तुम्ही आम्हाला काय सांगितलंत, ते तरी त्यांच्यापर्यंत पोचू दे.

गेल्या गणेश चवथीच्या आदल्या संध्याकाळी माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळा-पानांचं छत, बांधताना माझा बाबू स्टुलावरून खाली उतरला. पडला नव्हता, नुसता जरा जोरात उतरला. रात्री जेवताना म्हणाला, "आई, गुडघा आतून गरम लागतोय." सूज दिसायच्या आधी मुलालाच कळतं की सांध्यात रक्त उतरायला लागलंय. त्या क्षणी फॅक्टर आठचं, म्हणजे रक्त गोठायला लागणारा जो घटक त्याच्यात कमी आहे त्याचं, इंजेक्शन शिरेतून गेलं, तर गुडघा वाचतो. जितका उशीर, तितकं रक्त आत साठतं, आणि असं पुन्हा पुन्हा झालं की कुर्चा झिजून सांधा कायमचा आखडतो. घरातली शेवटची बाटली पंधरा दिवसांपूर्वीच संपली होती. जवळच्या इस्पितळात गेलो, तिथे फॅक्टर नव्हता. बाहेर धो धो पाऊस, सणाची रात्र, गाडी मिळता मिळेना. बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पोचलो तेव्हा गुडघा नारळासारखा टरारला होता आणि बाबू रडूनसुद्धा दमला होता.

तिथल्या कॉरिडॉरमध्ये तुम्ही भेटलात. तुमच्या घरचं माणूसही आजारी होतं, तरी चहाचा कप माझ्या हातात देऊन तुम्ही विचारलंत, "बाये, पोराला काय झालंय?" मी सांगितलं. त्यावर जो प्रश्न सगळे विचारतात, तो तुम्ही विचारला नाहीत: हे कोणाकडून आलं? हिमोफिलियाचा दोष आईकडून मुलाकडे येतो हे खरं आहे, पण साधारण एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात तो आधी कोणालाच नसतो. हे मी अकरा वर्षं सासरी आणि माहेरी समजावून सांगतेय. तुम्ही विचारलंत ते वेगळंच. "औषध जवळच्या इस्पितळात का नाही, हे कोणाला विचारलंस?"

विचारलं होतं, भाई. त्याआधी आम्ही हिमोफिलियाचे रुग्ण असलेल्या तीन घरची माणसं आमदारांच्या घरी जाऊन आलो होतो. सकाळची वेळ, अंगणात गर्दी, कोणाचा नळ, कोणाची बदली, कोणाच्या मुलाची नोकरी. आमचा नंबर आला आणि मी जन्मापासूनची कहाणी सांगायला लागले. अर्ध्यावरच रडू फुटलं. त्यांनाही वाईट वाटलं असणार. त्यांनी खिशातून पैसे काढून बाबूच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "काही लागलं तर सांगा." आम्ही घरी आलो. मनाने चांगला माणूस, पण आमच्या हाती काय आलं? पैसे. फॅक्टर जिथे नव्हता, तिथे अजूनही नव्हताच.

हे ऐकून तुम्ही म्हणालात, "त्यांनी दया दाखवली, कारण तुम्ही दुसरं काही मागितलंच नाही." तेव्हा मला लागलं ते वाक्य. आज त्यासाठीच हात जोडते.

विधिमंडळाच्या कामात आयुष्य घालवलेला माणूस आमच्या ओसरीवर दर रविवारी येऊन बसायला लागला. पहिल्या रविवारी तुम्ही आमच्या सगळ्या मागण्या एका कागदावर उतरवून घेतल्यात. सतरा झाल्या. मग लाल पेन काढून प्रत्येकीपुढे लिहायला लागलात: हे राज्याचं, हे केंद्राचं, हे इस्पितळाच्या अधीक्षकांचं. आम्हाला आमदार म्हणजे सरकार आणि सरकार म्हणजे सगळं, एवढंच ठाऊक. इस्पितळं आणि सार्वजनिक आरोग्य हा घटनेप्रमाणे राज्याचा विषय, म्हणून औषधाच्या साठ्याची गोष्ट आमदारांकडे न्यायची. आपल्यातल्या फोंड्याच्या मुलाचं दुखणं वेगळं होतं. तो बी.कॉम. झालाय, दोन्ही गुडघे आखडलेत, हातात दिव्यांगत्वाचा दाखला आहे, पण हिमोफिलियाच्या नावावर सरकारी नोकरीत राखीव जागा नाही. २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याने २१ प्रकारांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल घेतले, पण नोकरीतलं ४ टक्के आरक्षण ज्या गटांना दिलं त्यांत हे रक्ताचे आजार नाहीत. "हा कायदा दिल्लीत झालाय," तुम्ही त्याला म्हणालात, "आमदारांसमोर हे काढलंस, तर ते मान डोलावतील आणि औषधाची गोष्टही तिथेच बुडेल. हे खासदारांसाठी ठेव." तो नाराज झाला होता. मला वाटलं, हा आता पुन्हा यायचा नाही. पण पुढच्या रविवारी सगळ्यांत आधी तोच हजर.

त्याच रविवारी तुम्ही मला बाबूला इंजेक्शन देताना पाहिलंत. पावडरच्या बाटलीत पाणी सोडलं आणि ती दोन्ही तळव्यांत धरून मी हळूहळू फिरवत बसले. जपमाळ ओढावी तशी. तुम्ही विचारलंत, "गदागदा हलवत का नाहीस?" फेस येतो, म्हणून हलवायची नसते. मग तुम्ही हिशेब विचारलात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक युनिट दिलं की रक्तातला फॅक्टर आठ साधारण दोन टक्क्यांनी चढतो. बाबू ३० किलोचा. ४० टक्क्यांपर्यंत न्यायचा तर ६०० युनिटं. आणि तेही टिकत नाही, दहा-बारा तासांत निम्मं उतरतं. तुम्ही बाटली हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिलात. अंगठ्याएवढी बाटली. म्हणालात, "रिकामी झाली की फेकू नकोस. पर्समध्ये ठेव."

निवेदन चार पानांचं झालं होतं. तुम्ही ते एका पानावर आणलंत. माझी वाक्यं कापली गेली तेव्हा जीव तुटला, खोटं कशाला सांगू. पण एक ओळ तुम्ही का खोडलीत, ते मला जन्मभर लक्षात राहील. मी लिहिलं होतं की दर १०,००० माणसांमागे एक रुग्ण धरला, तर २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेचौदा लाखांच्या गोव्यात सुमारे १४५ रुग्ण असतील. तुम्ही त्यावर आडवी रेघ ओढलीत. "हा अंदाज आहे. मंत्री विचारतील, यादी दाखवा. तुझ्याकडे यादी आहे?" नव्हती. "मग माहीत नाही म्हण. आणि जे आपल्याला माहीत नाही, तेच त्यांना सभागृहात विचारायला सांग."

मग तारांकित प्रश्न काय, अतारांकित काय, ते तुम्ही बाबूच्या वहीच्या मागच्या पानावर समजावलंत. तारांकिताला मंत्री सभागृहात उभे राहून उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकिताचं उत्तर लेखी येतं. प्रश्न बऱ्याच दिवस आधी द्यावा लागतो, म्हणजे अधिवेशन सुरू झाल्यावर धावत जाऊन उपयोग नाही. ४० आमदारांपैकी एकाने जरी विचारलं, तरी खात्याला सगळ्या इस्पितळांतून आकडे गोळा करावे लागतात. आमच्यासारख्यांनी वर्षभर खेटे घातले, तरी जो आकडा मिळत नाही, तो एका प्रश्नाने कागदावर येतो. हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. मत कसं द्यायचं, तेवढं सांगितलं होतं.

भेटीच्या दिवशी तुम्ही आत आला नाहीत. किती विनवलं! "मी आलो तर ते माझ्याशी बोलतील," एवढंच म्हणालात आणि बाहेरच्या बाकावर बसलात. बाबूची आइसबॅग मांडीवर घेऊन, कारण त्या दिवशीही त्याचा घोटा कुरकुरत होता.

आत आमदारांनी विचारलं, "सांगा, तुमकां कितें जाय?" म्हणजे, तुम्हाला काय हवं? माझा घसा दाटून आला. मी पर्समधली रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवली. म्हटलं, "ही बाटली आमच्या तालुक्याच्या जवळ, रात्रीसुद्धा मिळायला हवी. एवढंच." त्यांनी ती उचलली, उजेडात धरली, लेबल वाचलं. मग बाबूकडे वळून त्यालाच विचारायला लागले, कुठे टोचतात, दुखतं का, शाळा किती बुडते. बाबूने सांगितलं की चवथीत फुगडी बघायची राहिली, आरतीला उभं राहता आलं नाही. मी हे त्याला शिकवलेलं नव्हतं.

आणि मग त्यांनी तोच प्रश्न केला. "गोव्यात असे किती पेशंट आहेत?" आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. फोंड्याचा मुलगाच बोलला, "साहेब, आम्हाला माहीत नाही. तुम्ही सरकारला विचारावं, म्हणूनच आलोय." आणि तुम्ही लिहून दिलेला दुसरा कागद पुढे केला: तालुकावार नोंद झालेले रुग्ण किती, कोणकोणत्या इस्पितळात फॅक्टर ठेवला जातो, मागच्या वर्षात किती दिवस तो शिल्लक नव्हता. आमदारांनी तो दोनदा वाचला, पीएला हाक मारली आणि आमच्यासमोरच प्रश्न टाइप करायला सांगितलं. "शिल्लक नव्हता" या शब्दांखाली त्यांनी स्वतःच्या पेनने रेघ ओढली. ती रेघ बघून मला काय वाटलं, ते तुम्हाला बाहेर येऊन सांगताच आलं नाही. मी नुसती तुमच्या बाजूला बसून राहिले आणि तुम्हीही काही विचारलं नाहीत.

नंतर पणजीत पातळभाजी-पाव खाताना बाबू तुम्हाला म्हणाला, "आजोबा, तुम्ही आत का नाही आलात? मी बोललो." तुम्ही चष्मा काढून पुसत राहिलात.

उत्तर काय येईल, कधी येईल, कसं येईल, माहीत नाही. तुम्हीच सांगितलंय की एका उत्तराने बाटली कपाटात येत नाही. उत्तर घेऊन पुन्हा जावं लागतं. जाऊ. मध्यंतरी पेडण्याहून थॅलेसेमियाच्या मुलीची आई भेटली. तिला दर महिन्याला रक्त चढवायला मुलीला न्यावं लागतं. तिचेही सतरा मुद्दे होते. मी तिला लाल पेन दिलं आणि ओसरीवर बसवलं.

भाई, अकरा वर्षं मी डॉक्टरांना, नातेवाइकांना, शाळेला, सगळ्यांना विनवतच आले. त्या टेबलापाशी पहिल्यांदा मी मागितलं, आणि समोरच्याने ते ऐकून घेतलं. ते दिवस तुम्ही तुमच्या घरच्या दुखण्यातून काढून आम्हाला दिलेत. त्याची परतफेड माझ्याकडे नाही.

फोंड्याच्या मुलाने खासदारांसाठीचा मसुदा लिहिलाय. तीन पानं झालीत. येत्या रविवारी सकाळच्या कदंब बसने आम्ही दोघं तो घेऊन तुमच्याकडे येतोय. बाबूचा गुडघा ठीक असला तर तोही येईल.

तुमची,
डिचोलीची बाय