खुराड्याचं दार

प्रिय आई, बाबा,

येत्या शनिवारी अंधार पडता पडता मागच्या अंगणात कोंबड्या येणार आहेत. चार. मी आधी विचारायला हवं होतं हे मला कळतं. विचारलं असतं तर तुम्ही दोघांनी एका सुरात "नको गं बाई" म्हटलं असतं, हेही कळतं, म्हणून विचारलं नाही. पैसे देऊन झालेत. खुराडं शुक्रवारी येतंय. दादाला सांगितलंय. तो आधी हसला आणि मग म्हणाला, "आईला तू सांग." फोनवर आई मला दुसरं वाक्य बोलू देणार नाही, म्हणून पत्र.

सुरुवात झाली ती बाबांना बाधलेल्या चिकनच्या त्या पॅकेटपासून. बाबा, मी परत तो विषय काढत नाहीये. एवढंच सांगते की तुम्ही सलाइन लावून पडला होतात त्या दुपारी मी ते रिकामं पॅकेट आणि आईने घड्याळाखाली जपून ठेवलेली पावती घेऊन सुपरमार्केटात गेले होते. पॅकेटवर तारखेचं एक लेबल होतं आणि त्याच्या खाली, नखाने उचकटलं तर, दुसरं. तुम्हाला हे सांगितलं नव्हतं. तक्रारीच्या खिडकीवर पाच माणसांची रांग होती आणि खिडकीत कुणीच नव्हतं, मग काय, गप्पा सुरू झाल्या.

माझ्या पुढच्या आजोबांच्या हातात ब्रेड होता. बुरशी नेमकी लेबलाच्या मागे, लेबलाएवढ्याच आकाराची, जणू मापून लावलेली. त्यांच्या पुढच्या मुलाकडे मटारची पिशवी होती. मटारचे दाणे सुटे खुळखुळायला हवेत ना? ह्याचा दगड झाला होता, म्हणजे वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेला. एकीने अंड्यांचा डबा उघडून दाखवला: अकरा अंडी, आणि बाराव्या खळग्यात नुसतं टरफल, तेसुद्धा फुटकी बाजू खाली करून नीट बसवलेलं. कुणीतरी किती निगुतीने केलं असेल ते! पण सगळ्यात भारी होत्या त्या जाड चष्म्याच्या काकू. त्यांनी चिकनचा डबा म्हणून जे नेलं, ते त्यांच्या यजमानांनी दोन दिवस खाल्लं, "या वेळी बरं झालंय" असं सर्टिफिकेटही दिलं, आणि तिसऱ्या दिवशी काकूंना डब्यावरचं मांजर दिसलं. त्या पैसे परत मागायला आल्याच नव्हत्या. त्यांना विचारायचं होतं की माणसाला काही होतं का. आम्ही सगळे इतके हसलो की खिडकीतला मुलगा धावत आला. मीही हसले, बाबा. तुम्ही तिकडे सुई लावून पडलेले आणि मी इकडे हसत होते. नंतर रिक्षात बसून रडले, तेव्हा फिट्टंफाट.

तर त्या काकू म्हणाल्या, "अंडी मात्र मी इथली घेतच नाही. आमच्या ओळखीच्या एक बाई आहेत, घरच्या कोंबड्या. तलंगाही विकतात, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या." कुठे राहतात विचारलं, तर त्यांनी तुमच्याच घरामागची गल्ली सांगितली.

आई, श्वास घे. हो, त्याच. फांदीवाल्या.

तुझी शपथ, मी आधी त्यांच्याकडे गेले नाही. तीन आठवडे दुसरीकडे शोधलं. एका उबवणी केंद्रात फोन केला, तर ते एक दिवसाची पिल्लं देतात आणि तीही पन्नासच्या खाली नाही. शिवाय पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश ऊब लागते आणि मग दर आठवड्याला ती तीन-एक अंशांनी कमी करत आणायची. बाबा रात्रभर थर्मामीटर घेऊन बसले असते. मला तुम्हाला ओळखून चाळीस वर्षं झाली. मग बाजारात एका माणसाकडे गेले. पिंजऱ्यात कोंबड्या दाटीवाटीने कोंबलेल्या, एकीच्या डोळ्यात फेस, दुसरी चोच उघडी ठेवून घरघरत होती. "सगळ्या पाच महिन्यांच्या," म्हणाला. मी एकीचे पाय बघितले. ज्या जातीचे पाय पिवळे असतात त्यांचा रंग अंडी देता देता उतरत जातो. आधी शेपटीखालचा, मग डोळ्यांभोवतीचा, चोचीचा, आणि सगळ्यात शेवटी पायांचा. तिचे पाय पार पांढरट होते. पाच महिन्यांची कसली, बाई कधीच्या कामाला लागलेल्या होत्या. हे मला कुठून माहीत? शोधत होते ना इतके दिवस, वाचलं. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा वाचलं.

शेवटी गेले तिकडेच. बाईंनी मला ओळखलं नाही आणि ओळखल्यावर चहा केला. फांदीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. त्यांचं खुराडं बघून मला एकदम आपल्या फळांच्या खोक्याची आठवण झाली, बाबांनी जाळी ठोकून केलेलं, एक खिळा आतल्या बाजूला निघालेला. रात्री चिंगीला मी त्यातून उचलून माझ्या खाटेखाली टोपलीत आणायचे आणि आई, तुला वाटायचं की मला वाटतं की तुला माहीत नाही. सकाळी तिच्या पोटाखाली हात घातला की काय ऊब असायची! अजून तळहाताला आहे ती.

पाहुणे आले त्या रविवारबद्दल आपण कधी बोललो नाही. मी जेवले नव्हते हे सगळ्यांना माहीत आहे. बाबा, तुमचं ताट मोरीत होतं, ते मी बघितलं होतं. तुम्हीही जेवला नव्हतात. सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून आता लिहिलं.

या चौघी खायच्या नाहीत. फक्त अंडी.

आता तुम्ही विचाराल, बाधलं चिकन आणि ही आणतेय अंड्याच्या कोंबड्या, याचा त्याच्याशी संबंध काय? काही नाही. बाबांनी हा मुद्दा काढायच्या आत मीच काढते. घरची अंडीही सरसकट निर्धोक नसतात. धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या पोटात साल्मोनेला असू शकतो. तेव्हा बलक घट्ट होईपर्यंत शिजवायचं, अर्धंकच्चं बंद. मग कशाला आणायच्या? सांगते.

खुराड्याला आपोआप उघडणारं दार मिळतं. उजाडलं की वर सरकतं, अंधारलं की खाली येतं. दुकानदार तेच गळ्यात मारत होता. मी नको म्हटलं. मला हाताने उघडायचं दार हवं होतं. बाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमचं मागचं अंगण दिसतं. सकाळी आठपर्यंत खुराड्याचं दार उघडलेलं दिसलं नाही, तर त्या कुंपणावरून हाक मारणार आहेत. ओ आली नाही, तर मला फोन करणार आहेत.

झालं, सांगून टाकलं. रागवा.

पण आधी ऐकून घ्या. त्या रात्री बाबा दोन वाजल्यापासून बाथरूमच्या फरशीवर बसून होते आणि आई एकटी त्यांना धरून होती. आणि मला कळलं तिसऱ्या दिवशी. "तुला उगाच काळजी," म्हणे. आई, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण मला तूच शिकवलीस. मी तिकडे येऊन राहू शकत नाही. का नाही, हे आपण तिघांनीही बोलायचं सोडलंय आणि ते बरंच आहे, दर वेळी कुणीतरी रडतं. रोज सकाळी फोन करून "उठलात का?" विचारलं, तर बाबा चिडतात की मी त्यांची हजेरी घेते. मग कोंबड्यांची घेऊ दे ना हजेरी. तुमच्यावर पहारा नाही हा. म्हणजे थोडासा आहे. पण तुमचे पडदे, तुमची दुपारची झोप, टीव्हीचा आवाज, यातलं काही बदलणार नाही. खुराडं कमरेच्या उंचीवर घेतलंय, बाबांना वाकावं लागणार नाही. अंड्यांच्या कप्प्याला बाहेरून झाकण आहे, आईला आत हात घालावा लागणार नाही. साफसफाईला आठवड्यातून दोनदा बाईंकडचा मुलगा येईल, त्याचं मी बघते. कोंबडा घेतलेला नाही, तेव्हा पहाटेची बांग नाही. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. अंडं दिल्यावर त्या कलकलाट करतील, तेवढा सहन करा. कुणालाही केलेलं काम सांगावंसं वाटतंच.

चौघीही एकाच कळपातल्या घेतल्यात, १८ आठवड्यांच्या. वेगवेगळीकडच्या घेतल्या तर टोचाटोची फार होते. बाबा, कोणी कोणाला टोचायचं याची कोंबड्यांत पक्की उतरंड असते, आणि ती पहिल्यांदा मांडली नॉर्वेच्या थोरलीफ श्येल्डेरूप-एब्बे या माणसाने, १९२१ च्या सुमारास. लहानपणापासून कोंबड्या बघत, नोंदी करत बसायचा तो. तुमच्या विजेच्या मीटरच्या वहीत अजून पानं शिल्लक आहेत. अंड्यांची नोंद ठेवाल? एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात, त्यातले वीसेक तास तर नुसतं कवच चढायला. म्हणून वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मग एक दिवस खाडा पडतो. गाडी लेट का, हे तुम्हाला आवडेल शोधायला.

आता नीट वाचा, हे फ्रिजवर लावा.

पहिले काही दिवस त्यांना जाळीच्या बाहेर सोडायचं नाही, घर कुठलं ते कळू दे. पहिलं अंडं येईपर्यंत बाईंनी दिलेलंच खाद्य, नंतर अंड्याच्या कोंबड्यांचं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत. ज्या त्या आपल्या गरजेने खातात. पाणी प्रत्येकीला दिवसाला पाव लिटर धरा, उकाड्यात दुप्पट. पहिली अंडी लहान येतील, एखादं मऊ कवचाचं येईल, लगेच मला फोन करून "आजारी पडली" म्हणू नका. मानमोडीची लस झालेली आहे, कार्ड खुराड्याच्या पिशवीत आहे. मात्र एखादी पिसं फुगवून कोपऱ्यात बसली, तर हात लावायच्या आधी बाईंना बोलवा. एखादी खुडूक झाली तर आई, दया येऊन बसू देऊ नकोस. कोंबडा नाही, २१ दिवस बसली तरी काही निघायचं नाही, आणि ती वाळून जाईल. उचलून बाहेर काढायची, अंडी रोजच्या रोज गोळा करायची.

हात साबणाने. प्रत्येक वेळी. अंगणातल्या चपला अंगणात. कोंबडी घरात येणार नाही, खाटेखाली तर नाहीच. मला माहीत आहे मी कोणाला सांगतेय ते.

आणि फ्रिज ५ अंशांच्या खाली. शिजवलेलं दोन तासांच्या वर बाहेर राहिलं तर टाकायचं, "अजून वास नाही आला" हे कारण चालणार नाही; ज्याने माणूस आजारी पडतो त्याला बरेचदा वासच नसतो. बाबा, "उकळलं की सगळं मरतं" हेही बंद. जंतू मरतात, पण त्यांतल्या काहींनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. फुगलेलं पॅकेट आणायचं नाही, "हवाच भरलेली असते त्यात" म्हणायचं नाही. आई, कच्चं चिकन नळाखाली धुऊ नकोस, शिंतोडे ओट्यावर सगळीकडे जातात. चाळीस वर्षं धुतलंस आणि आम्ही जगलो, मान्य. तरी नको.

जरा जास्तच बोलले का? बाबा त्या दिवशी हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये केवढे लहान दिसत होते. तेच डोळ्यांसमोर येतं आणि मग मी ओरडायला लागते.

आई, बाईंशी बोलायलाच हवं असं नाही. त्यांनी हाक मारली तर नुसती ओ दे. त्यांनी तुझ्याबद्दल एकच विचारलं, गुडघा कसा आहे म्हणून. त्यांना तुझा गुडघा कसा माहीत, ते मी विचारलं नाही.

तुमची,
मनी

ता. क. चौघींतल्या एकीचं पायाचं बोट वाकडं आहे, बाई ती फुकट देत होत्या, मी पैसे दिले. नावं तुम्ही ठेवा. चिंगी सोडून कुठलंही.