कौले उतरवण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की आमच्या दापोली तालुक्यात निळ्या-लाल पत्र्यांनी भरलेले टेम्पो दिसू लागतात आणि घरोघरी कौले उतरवायचे काम निघते. मी सुतार आहे. वडिलांच्या हाताखाली आढ्यावर चढायला लागलो तेव्हापासून छपरेच करीत आलो. कौलांची केली, पत्र्यांचीही केली. मला दोन्हीकडे काम मिळते, त्यामुळे पुढे लिहितो आहे त्यात माझा काही स्वार्थ नाही. पण हल्ली माणूस येतो तो 'पत्रा काय फुटाने पडेल?' एवढेच विचारतो आणि तिथेच घराचा निकाल लागतो, हे बघवत नाही.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्यावरून गेले. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे होता. ज्या घरावर झाड पडले ते मोडले, मग वर काहीही असो. जिथे झाड पडले नाही तिथला फरक मात्र पुढचे कित्येक दिवस वाडीवाडीत फिरताना डोळ्यांनी पाहिला. कौलारू घरांची वळचणीची आणि आढ्याजवळची कौले उडाली होती, मधे भगदाडे होती, पण वासे जागच्या जागी होते. पत्र्याचे छप्पर गेले ते अख्खे गेले, कुठे कुठे खालच्या पाइपांसकट उचलले जाऊन सुपारीच्या बागेत पडले. आणि त्याच रांगेतल्या एखाद्या पत्र्याच्या घराचा एकही बोल्ट हललेला नव्हता.

असे का झाले, याचा हिशेब माझ्या इंजिनियर पुतण्याने मांडून दाखवला. वारा ताशी 120 किलोमीटरने वाहू लागला की चौरस मीटरला साधारण 65 ते 70 किलोचा जोर येतो, आणि छपराच्या बाबतीत हा जोर बहुतेक वेळा वर ओढणारा असतो. एक चौरस मीटर भरायला मंगलोरी कौले चौदा-पंधरा लागतात, म्हणजे वजन पस्तीस-चाळीस किलो झाले. शिवाय कौलांच्या फटींतून आतली हवा बाहेर निघते. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला चार-पाच किलोच भरतो, आणि त्याला फट नाही. म्हणजे पत्र्याचे छप्पर सगळे बोल्टांच्या जिवावर उभे असते. जे घर वाचले त्याच्या मालकाने बोल्ट जवळजवळ मारून घेतले होते, वळचणीला आणि कडेला तर दुप्पट, आणि पाइप भिंतीत नीट गाडले होते. जिथे पैसे वाचवायचे म्हणून एकाआड एक बोल्ट गाळले, तिथले छप्पर गेले. यात पत्र्याचा दोष नाही.

कौलांचेही तसेच. मंगलोरी कौलाच्या पाठीला तार ओवायला भोक असते. कडेच्या आणि वळचणीच्या ओळी तांब्याच्या तारेने रिपांना बांधल्या तर वारा त्यांना सहजी उचलत नाही. पण ही तार आता कोणी घालायला सांगतच नाही. घर नवीन बांधणार असाल तर आणखी एक सांगतो: दुपाखी, म्हणजे दोन बाजूंना उतार असलेल्या घराच्या उभ्या त्रिकोणी भिंतीवर वारा आदळतो, चौपाखी, म्हणजे चारी बाजूंना उतार असलेल्या छपरावरून तो निसटून जातो. आपल्या जुन्या माणसांनी चौपाखी आणि चांगल्या उताराची घरे बांधली ती उगाच नव्हेत.

मग लोक कौले का काढतात? कारणे खरी आहेत, ती मी नाकारत नाही. वानरे उड्या मारून कौले फोडतात. दरवर्षी शाकारणीला, म्हणजे पावसाआधी कौले काढून पुन्हा नीट लावायला माणूस मिळत नाही, मुले मुंबईत. वाशांना वाळवी लागते आणि चांगले लाकूड परवडत नाही. वादळानंतर तर कौले वेळेवर मिळालीच नाहीत, पाऊस डोक्यावर, म्हणून लोकांनी मिळेल तो पत्रा घेतला. ज्या घरावर फणसाची फांदी ओणवलेली आहे तिथे मी स्वतः पत्रा घाला म्हणून सांगतो. पडवीवर, गोठ्यावर, खळ्यावर पत्रा खुशाल घाला. पण माजघर आणि निजायची खोली यांच्यावर, जमत असेल तर, लोखंडी पाइपचा सांगाडा करून त्यावर कौले चढवा. वाळवीचा प्रश्न मिटतो, वजन पेलते, आणि मे महिन्याच्या दुपारी घरातली म्हातारी माणसे घरातच बसू शकतात. पत्र्याखाली ती बसत नाहीत, बाहेर आंब्याखाली येतात. ज्यांना उठवत नाही ती आत शिजत पडतात. हे मी घरोघरी पाहतो. पत्राच घालायचा असेल तर आढ्याजवळ गरम हवा जायला वाट ठेवा आणि खाली छत करून घ्या. समुद्राजवळच्या गावांनी तर पातळ, स्वस्त पत्रा घेऊच नये, खारा वारा त्याला थोड्या वर्षांत खातो.

घरकुलात बरेच जण स्लॅब टाकतात. आमच्याकडच्या पावसात सपाट स्लॅब गळतो आणि मग वर पुन्हा पत्र्याची शेड उभी राहते. एका घराला दोन छपरांचा खर्च! प्रधानमंत्री आवास योजनेची मूळ मदत 1 लाख 20 हजार रुपये. त्यात हे परवडणारे नाही.

सिमेंटच्या पत्र्यांबद्दल मात्र मला हात जोडून सांगायचे आहे. या जुन्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड असतो तोवर ते त्यात बांधलेले राहतात. फुटला, ग्राइंडरने कापला की धूळ होऊन श्वासात जातात. त्यांच्यामुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे, आणि तो वीस-तीस वर्षांनीही उद्भवू शकतो. निसर्गनंतर या तुकड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते. पुढे काही ठिकाणी तेच पाणंदीत भर म्हणून टाकले, त्यावर पोरे खेळत होती. आमच्या धंद्यातली तरुण पोरे आजही तोंडाला फडके न बांधता हे पत्रे कापतात. जुना पत्रा काढायचाच तर आधी पाण्याने भिजवा, फोडू नका, अख्खा उतरवा, आणि नवे घर त्याने झाकू नका.

आमच्या ग्रामपंचायतींना आणि घरकुलाची अंदाजपत्रके करणाऱ्या अभियंत्यांना आपल्या वृत्तपत्रातून एक विनंती करतो. अंदाजपत्रकात छपरासाठी एकच आकडा असतो. त्यात बोल्ट, वायसर, तांब्याची तार आणि पाइप भिंतीत गाडण्याचे काम यांची रक्कम वेगळी लिहावी, आणि पैशाचा शेवटचा हप्ता देण्याआधी कोणीतरी शिडी लावून वर चढून ते पाहावे.

आपला,
एक सुतार
ता. दापोली, जि. रत्नागिरी