देखभालीच्या करारात स्क्रिप्टही मागून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. ते नसलेले जुने संगणक भंगारात न काढता त्यांवर उबुंटू ही लिनक्सची मोफत प्रणाली टाकणे हा शहाणपणाचाच निर्णय आहे. त्यामुळे आता एकाच कॉलेजात विंडोज, लिनक्स आणि डीटीपी विभागातले मॅक असा तिहेरी संसार दिसतो. सांभाळण्याची रीत मात्र जुनीच राहिली आहे. पेन ड्राइव्ह खिशात घालायचा आणि एकेका संगणकापुढे जाऊन बसायचे. साठ संगणकांना दहा-दहा मिनिटे धरली तरी दहा तास जातात, आणि चाळिसाव्या संगणकावर कुठली पायरी राहून गेली ते कोणालाच कळत नाही. हे काम स्क्रिप्टवरच, म्हणजे संगणकाने ओळीने पार पाडायच्या आज्ञांच्या फाइलवरच सोपवायला हवे.

तिन्हींना चालेल अशी एकच स्क्रिप्ट लिहिण्याच्या मागे मात्र लागू नये. मॅकवरचा बॅश (आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, म्हणजेच शेल) अजून ३.२ आवृत्तीचा आहे आणि त्यावरच्या 'सेड', 'डेट' या आज्ञांचे पर्याय लिनक्सपेक्षा वेगळे आहेत. लिनक्स आणि मॅकसाठी छोटी शेल स्क्रिप्ट, विंडोजसाठी तिथलेच पॉवरशेल आणि त्यांना हाक मारायला, एका जागेवरून सगळ्या संगणकांना कामे सांगणारे ॲन्सिबल, ही विभागणी टिकते. ॲन्सिबल चालवणारा संगणक लिनक्स किंवा मॅक लागतो. नेटवर्कवरून लिनक्सशी ते एसएसएच या पद्धतीने बोलते, विंडोजशी विनआरएमने. विनआरएमसाठी ५९८६ हा एन्क्रिप्टेड पोर्ट वापरावा, ५९८५ नव्हे. प्रत्येक स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली तरी काही बिघडता कामा नये. संगणकांची नावे आणि पत्ते असलेल्या होस्ट्स फाइलमध्ये ओळ घालायची असेल, तर ती आधीपासून आहे का हे पाहूनच घालावी. नाहीतर महिन्याभरात तीच ओळ तीस वेळा दिसते.

दोन्हीकडची फाइल एकाच नोटपॅडमध्ये लिहिली की पहिली ठेच लागते. विंडोज ओळीच्या शेवटी दोन चिन्हे टाकते, लिनक्स एकच. ते जादा चिन्ह पहिल्या ओळीत राहिले की डोळ्यांसमोर असलेला बॅश 'सापडत नाही' अशी तक्रार येते. 'डॉस-टू-युनिक्स'ने फाइल साफ केली की प्रश्न मिटतो. बीओएमची, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला न दिसता बसणाऱ्या युनिकोडच्या खुणेची गोष्ट त्याहून चमत्कारिक आहे. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल ५.१ ला स्क्रिप्टमध्ये मराठी असेल तर फाइलच्या सुरुवातीला बीओएम लागतो, नाहीतर देवनागरीचा भुगा होतो. शेल स्क्रिप्टमध्ये तोच बीओएम राहिला तर पहिली ओळच ओळखली जात नाही.

मराठी फाइलनावांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत हे सहसा सापडत नाही. 'शेतकऱ्यांची यादी' हे नाव घ्या. त्यातला 'ऱ' युनिकोडमध्ये एक अक्षर म्हणून साठवता येतो, किंवा 'र' आणि त्याखाली नुक्ता असाही. काही कीबोर्ड 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक अशी तिसरीच तऱ्हा वापरतात. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण लिनक्स फक्त बाइट जुळवतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क हा 'ऱ' स्वतःहून फोडून ठेवत असे. अशा डिस्कवरून लिनक्सवर बॅकअप घेतला की एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात आणि नवी कोणती ते समजत नाही. पायथन भाषेतल्या 'युनिकोडडेटा'ने सगळी नावे एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण जोडरूपात आणली की पहिली दोन रूपे एक होतात. जोडकवाले रूप त्याने बदलत नाही, ते वेगळे शोधून बदलावे लागते. लांबीचेही भान हवे. विंडोजवर फाइलनावात २५५ चिन्हे बसतात, लिनक्सच्या ईएक्सटी४ प्रकारच्या डिस्कवर २५५ बाइट. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, म्हणजे मात्रा-अनुस्वार धरून ८५ चिन्हे. परिपत्रकाचा अख्खा विषय फाइलनावात लिहिण्याची आपल्याकडची सवय इथे नडते.

बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये सर्वांत घातक चूक म्हणजे आरशासारखी प्रत ठेवणारा पर्याय डोळे झाकून वापरणे. विंडोजच्या रोबोकॉपी या कॉपीच्या आज्ञेत तो 'मिर' आहे, लिनक्स-मॅकच्या आरसिंकमध्ये 'डिलीट'. मूळ फोल्डर रिकामा दिसला, समजा सर्व्हरचा शेअर जोडलाच गेला नाही, तर हे पर्याय इमानेइतबारे बॅकअपही रिकामा करतात. त्यामुळे डिस्क जोडलेली आहे का आणि त्यावर ठरलेली एखादी खुणेची फाइल आहे का, हे तपासल्याशिवाय पुढची ओळ चालू देऊ नये. काम संपल्यावर रोबोकॉपी कळवते तो परतीचा आकडाही फसवतो. तिथे १ म्हणजे फाइली नीट कॉपी झाल्या. खरे अपयश ८ पासून सुरू होते. शून्य नसेल तर चूक, असे मानणारी स्क्रिप्ट रोज खोटी बोंब मारते आणि खरी बोंब ऐकायला कोणी उरत नाही.

प्रयोगशाळा रात्री बंद असतात, हे वेळापत्रक लावणारे विसरतात. लिनक्सच्या क्रॉन या वेळापत्रकात लावलेले रात्री दोनचे काम बंद संगणकावर होत नाही आणि सकाळी ते आठवणीने केलेही जात नाही. त्याऐवजी लिनक्सच्याच सिस्टमडीच्या टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' लावावे, म्हणजे चुकलेले काम संगणक सुरू झाल्यावर होते. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये चुकलेले काम लवकरात लवकर चालवण्याची खूण मुद्दाम करावी लागते. लॅपटॉपवर 'फक्त चार्जर लावलेला असतानाच' ही खूण आधीपासून असते, ती काढावी.

नवी स्क्रिप्ट आधी ड्राय रनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करता पाहावी, मग एका संगणकावर, मग पाचांवर आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्यांवर चालवावी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. ते अपडेट सगळीकडे एकदम गेले होते.

माझे मागणे कॉलेजे, पतसंस्था आणि नगरपालिकांकडे आहे. एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) निविदेत व्हायरसमुक्तीपासून माउस बदलण्यापर्यंत सारे असते, स्क्रिप्टचा उल्लेख नसतो. कंत्राटदार बदलला की त्याच्या लॅपटॉपमधली स्क्रिप्टही जाते. म्हणून करारातच लिहावे की प्रत्येक स्क्रिप्ट संस्थेच्या गिटमध्ये बदलांच्या इतिहासासह राहील, तिच्यात पासवर्ड लिहिलेला नसेल, आणि दर तिमाहीला बॅकअपमधली एक फाइल संस्थेच्या माणसासमोर परत आणून उघडून दाखवली जाईल. शेवटचे बिल त्यानंतरच काढावे.

आपला विश्वासू,
एक सिस्टम ॲडमिन, नाशिक