कोपऱ्यावरच्या भेळवाल्या काकांना

काका, नमस्कार.

मी तिसऱ्या मजल्यावरची. तुमच्या भाषेत 'तिखट कमी, कांदा जास्त' वाली ताई. चार वर्षं तुमच्याकडे भेळ खातेय आणि तुमचं नाव मला गेल्या आठवड्यात कळलं, तेही वॉचमनच्या वहीतून. त्याबद्दल पुढे लिहिते.

आभार तोंडावरच मानायचे होते. पण सोमवारी संध्याकाळी खाली आले तर गाडीवर निळी ताडपत्री बांधलेली. पानवाला म्हणाला, काका सकाळच्या एसटीने गावाला गेले, कधी येतील माहीत नाही. तुमची चटणीची बरणी माझ्या ओट्यावर आहे आणि रोज तिच्याकडे बघून मला चुटपुट लागते. म्हणून हे पत्र. पानवाल्याचा मुलगा तुम्हाला फोनवर वाचून दाखवेल म्हणालाय.

सुरुवात गुरुवारी रात्री झाली. महिला वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला जेमिमाने नाबाद १२७ काढून ऑस्ट्रेलियाचे ३३८ पार केले आणि आमच्या घरावर संकट कोसळलं. लेकीने त्याच भरात तिच्या कोचिंगमधल्या सगळ्या मुलींना फायनल बघायला घरी बोलावून टाकलं. चौदाजणी! आमचं घर वन बीएचके, टीव्ही बत्तीस इंची, आणि दिवाळी होऊन जेमतेम दहा दिवस झालेले. बोनस कंदील-किल्ला-कपड्यांत कधीच संपला होता. मी लेकीला म्हटलं, दीड हजाराच्या वर एक रुपया मिळणार नाही. ती म्हणाली, चालेल, पण भडंग पाहिजे, कारण स्मृती सांगलीची आहे. आता या युक्तिवादाला काय उत्तर देणार?

मॅच आपल्या नेरूळला, डी. वाय. पाटील स्टेडियमला. सानपाड्याहून दोन स्टेशनं. पण तिकिटं काही मिळाली नाहीत.

आधी सोसायटीकडे गेले. २०२३ च्या नोव्हेंबरात पुरुषांची फायनल होती तेव्हा याच सोसायटीने हॉलमध्ये पडदा लावला होता, माणशी चारशे रुपये काढून बिर्याणी केली होती. ती मॅच आपण हरलो आणि बिर्याणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरली. या वेळी मी फक्त प्रोजेक्टर मागितला. "लेडीज मॅचला कशाला एवढा थाट," असं उत्तर आलं, आणि वर हॉलचं भाडं तीन हजार. पलीकडच्या विंगेत आमचेच एक नातेवाईक राहतात, भिंतभर टीव्हीवाले. त्यांनी आधी "हो हो, या की" म्हटलं आणि शनिवारी रात्री मेसेज टाकला की पाहुणे येणारेत. पाहुणे कोण होते ते मी विचारलं नाही. खाण्याचं विचारायला एका केटररला फोन केला तर तो पन्नास प्लेटांच्या खाली बोलायलाच तयार नव्हता.

आणि मग तुमच्याकडे आले. सोळा प्लेट भेळ, दोन वेळा, किती होतील म्हणून विचारलं. तुम्ही गिऱ्हाइकाचे पैसे मोजता मोजता म्हणालात, "कशाला ताई? कोरडं सामान वाण्याकडून घ्या. चटण्या तेवढ्या मी देतो." आपलंच गिऱ्हाईक असं वाण्याकडे धाडणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. गोड चटणीची मोठी बरणी, हिरवीची छोटी, दोन्हींचे मिळून दीडशे घेतलेत. मी दोनशे पुढे केले तर पन्नास परत दिलेत आणि वर बजावलंत, "बरणी परत पाहिजे हां." ते मला फार बरं वाटलं. फुकट दिलं असतंत तर मी अवघडले असते. वर्षभर कोपऱ्यावरून मान खाली घालून गेले असते.

पण मी हे पत्र चटणीसाठी लिहीत नाहीये.

रविवारी तीनची मॅच. अडीचपासून पोरी यायला लागल्या. दाराशी चपलांचा ढीग, सतरंजीवर चौदाजणी गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या, कोकम सरबताचे स्टीलचे ग्लास हातोहात चाललेले. एक किलो कुरमुरे मी परातीत ओतले, बटाटा टाकला, कांदा टाकणार होते. बाहेर पाऊस. टीव्हीवर मैदानावरची कव्हरं. तरी माझं आपलं चाललंच होतं, कारण पोरांना भूक लागली की मला सुचेनासं होतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात तुम्ही. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, धाप लागलेली. लिफ्ट बंद होती. (आमची लिफ्ट रविवारी बंदच असते, तो वेगळा विषय.) मला वाटलं पैशांचं काही राहिलं. तुम्ही चौकटीबाहेरच उभे राहिलात आणि म्हणालात, "ताई, कालवू नका अजून. टॉस झालेला नाही. पावसाचं लवकर चालू व्हायचं नाही."

आणि मग आत वाकून परातीकडे बघितलंत, हात पुढे केलात, चार कुरमुरे बोटांत दाबलेत. ते दबले, मोडले नाहीत. "सादळलेत," तुम्ही म्हणालात. "कढईत मंद गॅसवर परतून घ्या, हाताला चटका बसेपर्यंत. बटाटा काढून ठेवा. आणि एकदम नाही कालवायचं. चार-चार प्लेटा. बाकीचं सामान पॅड बांधून बसू दे, अमोल मुझुमदारसारखं."

पोरी बघतच राहिल्या. मग तुम्हीच त्यांना सांगितलंत की आपल्या महिला टीमचा हा कोच शाळेत असताना सचिन-कांबळीची ६६४ ची भागीदारी संपायची वाट बघत पॅड बांधून बसून राहिला होता, आणि पुढे एवढ्या धावा काढूनही त्याला इंडियाची टोपी काही मिळाली नाही. एवढं बोलून निघालातसुद्धा. पाणी विचारायचं मला सुचलं नाही. ते अजून टोचतंय.

काका, तुमची गाडी तिकडे उघडी होती. पावसात रविवारचं गिऱ्हाईक उभं असणार. कुरमुरे माझे, वाण्याकडून आणलेले. ते सादळले असते तर तुमच्या धंद्याचं काय बिघडणार होतं? पण कोपऱ्यावर उभ्या उभ्या तुमच्या मनात आलं की ती वरची बाई आता घाईत कालवून बसेल आणि पोरींना लगदा खावा लागेल. आणि तुम्ही तीन मजले चढलात. ज्यांच्याकडे हॉल होता, पडदा होता, भिंतभर टीव्ही होता, त्यांना आमचा दिवस कसा जाईल याचं काही पडलं नव्हतं. ते सोडा, माझ्या स्वतःच्या नवऱ्याला परातीत काय आहे ते माहीत नव्हतं. (तो पावसाचं ॲप बघत होता.)

खेळ पाचला सुरू झाला. तीनला कालवलेली भेळ पाचला कशी झाली असती, ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही सांगितल्यासारखे कुरमुरे परतले, घरभर तो खरपूस वास सुटला. स्मृती ४५ वर आउट झाली तेव्हा भडंगाची परात एकदम शांत झाली. शफाली मारत सुटली तेव्हा पहिल्या चार प्लेटा, मग पुढच्या चार. डाव संपला, २९८, तेव्हा दुसरी फेरी. शेवटची प्लेटही कुरकुरीत. साडेनऊला मुलींना न्यायला आलेले पालक परत गेलेच नाहीत, सतरंजीच्या कडेला टेकले. कुकर लावून खिचडी टाकली, ती वाट्यांत, वाटीचमचे संपल्यावर चहाच्या बशांत. दक्षिण आफ्रिकेच्या वुल्फार्टचं शतक झालं आणि कोणी जागेवरून हलायचं नाही असं ठरलं. अमनजोतच्या हातातून तिचा झेल एकदा उडाला, दोनदा उडाला, तेव्हा आमच्या शेजारणीने माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी वळ होता.

आता वहीचं. सोसायटीत फेरीवाल्यांना मनाई आहे, गेटवर तशी पाटीच आहे. मी दुसऱ्या दिवशी वॉचमनला विचारलं, काकांना सोडलं कसं? त्याने वही दाखवली. वेळ २.५०. फ्लॅटचा नंबर. तुमचं नाव, ते मी इथे लिहीत नाही. आणि 'भेटीचे कारण' या रकान्यात तुमच्या अक्षरात एकच शब्द: कुरमुरे. वर-खाली कुरिअर, प्लंबर, गॅस, पाहुणे. मधे तुमचे कुरमुरे. मी त्या पानाचा फोटो काढून ठेवलाय.

बरणी धुऊन ठेवलीय. रिकामी देणार नाही, भडंग थोडं उरवलंय. या वेळी वर या, म्हणजे पाणीही विचारता येईल. लिफ्ट चालू असेल असा वार मी बघून ठेवते.

आणि एक. मॅच संपली तेव्हा मध्यरात्र झाली होती. पोरी कोणाचं न ऐकता धावत खाली सुटल्या, थेट तुमच्या गाडीशी. तुम्ही नव्हतात. मग लेकीने स्कोअर लिहायच्या वहीचं पान फाडून चिठ्ठी लिहिली, खिचडीच्या हातांनी, आणि ताडपत्रीच्या दोरीत खोचली, तुम्ही कांदा कापता त्या बाजूला. "काका, जिंकलो. ५२ रनांनी." खाली चौदा सह्या आहेत. त्यानंतर पाऊस पडून गेलाय, पण मी काल येता-जाता बघितलं, चिठ्ठी जागेवर आहे. दोरी सोडताना जरा जपून.

तुमची,
तिखट कमी, कांदा जास्त