पेट्रोलचा हिशेब धुराड्यापासूनच का?

महोदय,

विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा खरंच कमी कार्बन सोडते का, अशी शंका घेणारा कालचा लेख आणि त्याखालची दोन्हींच्या तुलनेची रंगीत चौकट वाचली. चौकट सुबक आहे, गणित मात्र लबाड. विजेच्या गाडीचा हिशेब थेट लिथियमच्या खाणीपासून आणि पेट्रोल गाडीचा फक्त धुराड्यापासून! पेट्रोल काय पंपाच्या टाकीत आपोआप पाझरतं? लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड (पुढे नुसता ‘कार्बन’) निघतो. उपसा, शुद्धीकरण, वाहतूक धरली की आकडा 2.8 च्या आसपास जातो. लिटरला 15 किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे किलोमीटरमागे 153 नव्हे, 187 ग्रॅम होतात. चौकटीतून नेमके हेच 34 ग्रॅम गायब आहेत.

बॅटरीच्या बाबतीत मात्र हात सढळ. बॅटरी बनवताना तिच्या क्षमतेच्या दर किलोवॅट-तासामागे, म्हणजे दर युनिट साठवणीमागे, 150 ते 200 किलो कार्बन हा स्वीडनच्या आयव्हीएल संस्थेचा 2017 चा आकडा. त्याच संस्थेने 2019 मध्ये तो 61 ते 106 वर आणला. कारखाने मोठे झाले, पूर्ण क्षमतेने चालू लागले. बॅटरीतले इलेक्ट्रोड वाळवणाऱ्या भट्ट्या आणि दमट हवा बाहेर ठेवणाऱ्या कोरड्या खोल्या यांची वीज आता कितीतरी जास्त सेलांवर (बॅटरीच्या सुट्या घटांवर) वाटली जाते. हे लेखकाच्या नजरेतून सुटलं असावं, असं सौजन्यापोटी म्हणतो.

या नव्या आकड्यांमधल्या 80 किलोच्या दराने 40 किलोवॅट-तासांच्या बॅटरीचे 3,200 किलो होतात. युनिटमागे 700 ग्रॅम कार्बनची वीज आणि चार्जिंगमधली गळती धरून शंभर किलोमीटरला 16 युनिट, म्हणजे किलोमीटरमागे 112 ग्रॅम. बचत 75 ग्रॅमची. बॅटरीचं हे कर्ज साधारण 43,000 किलोमीटरवर फिटतं. निव्वळ कोळशाची, युनिटला किलोभर कार्बनची वीज असेल तर त्याला 1,18,000 किलोमीटर लागतात. तिथे लेखकाची शंका रास्त आहे. पण मग गाडीचं आयुष्य दीड लाख किलोमीटर धरलं की अडीच, हे चौकटीखाली छापायला नको?

वर आठ वर्षांनी दुसरी बॅटरी हिशेबात घातली आहे. आठ वर्षं ही बहुतेक ठिकाणी वॉरंटीची मुदत, आणि तीसुद्धा सहसा क्षमता 70 टक्क्यांच्या खाली जाणार नाही याची. वॉरंटी संपली म्हणून बॅटरी कुणी भंगारात टाकत नाही.

आणखी एक. बॅटरीची क्षमता पुन्हा ‘40 किलोवॅट’ छापली आहे. किलोवॅटमध्ये मोटारीची ताकद मोजतात, साठवलेली वीज नव्हे. विज्ञानाची पुरवणी काढणाऱ्यांना हे सांगावं लागावं?

दुरुस्ती छापणार असाल, तर चौकटीएवढ्याच आकारात छापा. छोट्या जाहिरातींच्या खाली नको.

– एक वाचक